लळिंगचा चढ

मैत्रिणींनो, धुळ्याहून आग्रा रोडनं मालेगावच्या बाजूला निघालं, की दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला लागतो. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. पावसाळ्यात हिरवागार आणि एरवी वाळल्या गवताचा पिवळट डोंगर, माथ्यावर थोडी तटबंदी. फारुकी राजांचं सुरुवातीचं ठाणं इथं होतं. पुढं त्यांनी असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं आणि लळिंग मागं पडलं. माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. त्यामुळं लहानपणी सहलीला, मोठेपणी येताजाता, हा डोंगर शेकडो वेळा पाहिलेला. पण त्याच्या पायथ्याच्या चढाचा एकेक दगड मला ओळखू यायला लागला तो वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

कारण त्या चढावर मी सायकलच्या शर्यतीत भाग घेतला, आणि सगळ्यांत शेवटी आले. त्याचीच ही हकीकत.

तुम्ही म्हणाल, शेवटी आलेल्या बाईनं लिहायचं तरी काय? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मग विचार केला, पहिल्या आलेल्यांबद्दल सगळेच लिहितात. आमच्यासारख्यांची बाजू कोण मांडणार?

ही शर्यत असते कशी?

सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे शर्यत येते. गुळगुळीत डांबरी रस्ता, बारीक चाकं, वाकून बसलेले स्वार. ही तशी नव्हे. हिला क्रॉस-कंट्री म्हणतात. पायवाटा, मुरूम, ओढ्याचे दगड, चढ-उतार असा एक वेढा आखायचा आणि त्याच वेढ्याच्या ठरावीक फेऱ्या मारायच्या. मोठ्या स्पर्धांत एक वेढा साधारण चार ते सहा किलोमीटरचा असतो. जाड, खाचांची चाकं, पुढच्या चाकाला धक्के सोसणाऱ्या दांड्या आणि भरपूर गिअर असलेली सायकल लागते.

हा खेळ जन्मला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात. तिथल्या काही हौशी मंडळींनी जुन्या, जाडजूड सायकली डोंगरावर न्यायच्या आणि मातीच्या उतारावरून सोडायच्या, असा उद्योग आरंभला. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांची पहिली शर्यत झाली. तिचं नाव ‘रिपॅक’. उतरताना मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली पोचल्यावर ते नव्यानं भरावं लागायचं, म्हणून हे नाव. त्या मंडळींत वेंडी क्रॅग नावाची एक बाई होती. ती सायकलही चालवायची आणि फोटोही काढायची. आज त्या दिवसांची जी चित्रं आपल्याला दिसतात, त्यांतली कितीतरी तिनं टिपलेली आहेत. पुढं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला, तोही पुरुष आणि स्त्रिया दोघांना एकदमच. बायकांचं पहिलं सुवर्णपदक इटलीच्या पाओला पेझ्झोला मिळालं. आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमणनं या खेळात राष्ट्रीय पदकं मिळवली आहेत. संगमनेर काही परदेशात नाही, आपल्याच महाराष्ट्रातलं गाव. हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. मी बी. ए. झालेली, लग्न होऊन जळगावला आले. दोन मुलं, सासूबाई, हे बँकेत. जवळच्या एका गावातल्या शाळेत मी तासिकेवर मराठी आणि इतिहास शिकवते. सायकल मी धुळ्याला शिकले, अर्ध्या तासाच्या भाड्याची, मधल्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. पुढं कॉलेजात गेल्यावर ती सुटली ती सुटलीच. परत हातात आली ती शाळेतल्या मुलींमुळं. आमच्या शाळेत काही मुली सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर येतात. त्यांच्या मागं स्कूटीवरून मी. एक दिवस स्कूटी बंद पडली, तेव्हा एका मुलीची सायकल मागून घेऊन मी घरी आले. घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आज चेहरा बरा दिसतोय गं तुझा.” झालं! शिकवणीचे पैसे साठवून महिन्याभरात मी गिअरची जुनी सायकल घेतली.

दोन वर्षं, दोन फजित्या

रोज पहाटे मेहरूण तलावाला चक्कर, रविवारी आसोद्याच्या रस्त्यानं केळीच्या बागांमधून थोडं लांब. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, आणि भरताच्या वांग्यांचंही. त्यामुळं परतताना पिशवीत वांगी असायचीच. असं सहा-आठ महिने चाललं आणि मग कळलं की धुळ्याचं एक सायकल मंडळ लळिंगच्या पायथ्याशी शर्यत भरवतंय, बायकांचा गट वेगळा. पाच किलोमीटरच्या तीन फेऱ्या. माहेरचं गाव, ओळखीचा डोंगर. मी नाव नोंदवून टाकलं.

ते २०२२ सालचं डिसेंबर. वेढ्यात एक मोठा चढ आहे, मुरुमाचा, मध्येमध्ये सुटे दगड. पहिल्या फेरीत तो मी कसाबसा चढले. दुसऱ्या फेरीत पायातलं बळ संपलं, पण उतरायचं नाही असं मनाशी घेतलेलं. बघणारे उभे होते ना! भर चढावर, जोर लावतालावता गिअर बदलला आणि ‘कट्’ असा आवाज आला. चेन तुटली. ताणावर असताना गिअर बदलू नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सायकल ढकलत खाली आले तेव्हा वेळ संपली होती. भावाच्या गाडीत बसले ती तोंड खिडकीकडं करून. घरी आईनं विचारलं तर म्हटलं, “सायकलच खराब निघाली.” खोटं बोलले मी. सायकल चांगली होती, माझा हट्ट नडला होता.

दुसऱ्या वर्षी शर्यतीपर्यंत पोचलेच नाही. नोव्हेंबरात गिरणेच्या काठी वाळूत पुढचं चाक रुतलं, मी डाव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. एका हातानं कणीक मळता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. घरात कोणी टोचून बोललं नाही, पण मुलांच्या डब्यात महिनाभर यांच्या हातचे पोहे जात होते. तेव्हा माझ्या मनात आलं, पुरे आता हे खूळ.

त्या सहा आठवड्यांत करमेना म्हणून मी जिथं मिळेल तिथं सायकलस्वारांबद्दल वाचत बसले. वाचून असं कळलं की माझ्यासारखं पडणं-मोडणं या खेळात सगळ्यांनाच आहे, फक्त आपल्याला त्यांचे हार घातलेले फोटो तेवढे दिसतात. स्वित्झर्लंडची योलांडा नेफ डिसेंबर २०१९ मध्ये सराव करताना अशी पडली की तिची प्लीहा फाटली, फुप्फुसालाही इजा झाली. त्यातून उठते न उठते तो २०२१ मध्ये, ऑलिंपिकला काही आठवडे उरले असताना तिचा हात मोडला. तरी टोकियोत ती पहिली आली. पॅरिसला २०२४ मध्ये इंग्लंडच्या टॉम पिडकॉकचं चाक शर्यतीच्या मध्येच पंक्चर झालं, त्यानं ते बदलून घेतलं आणि अखेरच्या फेरीत पुढच्याला गाठून सुवर्णपदक मिळवलं. हे मात्र मी पुढल्या वर्षी टीव्हीवर पाहिलं, आणि त्याचं चाक बसलं तेव्हा आमच्या घरात सर्वांत मोठ्यानं मीच ओरडले.

आपल्याकडचीही उदाहरणं आहेत. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विशीच्या उंबरठ्यावर एकटी सायकलनं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागं लागलं, व्हिसासाठी थांबून राहावं लागलं. तरी सुमारे २९,००० किलोमीटर तिनं १५९ दिवसांत पुरे केले. नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांना अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत २०१६ मध्ये मध्येच सोडावी लागली. ते २०१७ मध्ये परत गेले आणि ती एकट्यानं पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. ही माणसं कुठं आणि मी कुठं, हे मला कळतं. पण सोडून दिल्यावर पुन्हा त्याच जागी जायचं असतं, एवढं त्यांच्याकडून घेतलं. प्लास्टर निघाल्यावर चौथ्या दिवशी मी मेहरूणला होते. हळूहळू, घाबरत, पण होते.

जळगाव ते धुळे

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, मी पुन्हा नाव दिलं. भाऊ कामानिमित्त जळगावला छोटा हत्ती घेऊन आला होता. सायकल मागं दोरीनं बांधली, मी पुढं बसले. मुलं आणि हे दुसऱ्या दिवशी पहाटे यायचे होते.

जळगाव ते धुळे हा नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा रस्ता मी लग्नानंतर किती वेळा केला असेल, मोजदाद नाही. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की डोंगरावर विद्यापीठ दिसतं. १९९० साली ते सुरू झालं आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. शाळेत न गेलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला! मी मुलींना हे दरवर्षी सांगते. मग पाळधी, एरंडोल. एरंडोलला आलं की पद्मालयाच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडायचे. पुढं पारोळा. इथं रस्त्यालगत गावातच भुईकोट किल्ला आहे. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, डिसेंबरातली दुसरी-तिसरी वेचणी चाललेली, बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या.

पारोळा सोडलं आणि आभाळ भरून आलं. डिसेंबरात! धुळ्यात शिरेपर्यंत सरी सुरू झाल्या आणि रात्रभर पडत राहिल्या. कापूसवाल्यांच्या पोटात गोळा आला असेल. माझ्याही आला, पण वेगळ्या कारणानं. खान्देशची काळी माती कोरडी असताना दगडासारखी कडक, आणि भिजली की फुगते, चिकटते, चपलेला किलोभर लागते. सायकलच्या चाकाला काय करील?

घरी आई पलंगावर बसलेली. आषाढात तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चालायला वॉकर दिला, रोज गल्लीत थोडं फिरा म्हणून सांगितलं. पण तो वॉकर दाराआड उभा. आई त्याला ‘लोखंडी घोडी’ म्हणते. घरातल्या घरात भिंतीला धरून चालते, पण घोडी घेऊन उंबऱ्याबाहेर जायला तयार नाही. “लोके काय म्हनतीन?” एवढंच तिचं उत्तर. ज्या बाईनं चाळीस वर्षं पांझरेच्या काठच्या एकवीरादेवीला पायी जाऊन ओटी भरली, तिला आता घोडी घेऊन चालताना कोणी पाहावं, हे सोसत नव्हतं. पाच महिने झाले होते. न चालल्यानं गुडघा आखडत चालला होता. भावजय बिचारी सांगून थकली होती.

मी म्हटलं, “आई, उद्या चल लळिंगला. गाडीत पुढं बस, खाली उतरू नकोस.” का कोण जाणे, ती तयार झाली.

शर्यतीचा दिवस

सकाळी पाऊस थांबला होता. धुळ्याची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत गार जागांत आमच्या गावाचं नाव पेपरात येतं. त्यात ओलावा. दात वाजत होते. आम्ही सतराजणी रेषेवर उभ्या. त्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी दिसली, आता धुळ्याला बारावीत शिकते. सायकल तीच शाळेतली, साधी, गिअर नसलेली, पुढची टोपली तेवढी काढून टाकलेली. मला पाहून लाजली. “मॅडम, तुम्हीपण?”

नियम सांगण्यात आले. सव्वानऊच्या आत तिसरी फेरी सुरू केली नाही तर बाद. वाट सोडली तर जिथं सोडली तिथूनच परत यायचं. दुरुस्ती आपली आपण करायची, बाहेरच्याची मदत घ्यायची नाही. साडेसातला शिट्टी झाली.

पायथ्याच्या सपाटीवर पहिले दोनशे मीटर बरे गेले, मग काळ्या मातीचा पट्टा आला. माती चाकाला चिकटली, चाकाबरोबर फिरून दांड्यांच्या बेचक्यात साचली, आणि चाक फिरेचना. सगळ्याजणी खाली उतरून बोटांनी, काटक्यांनी माती खरवडतोय! कुणी हसतंय, कुणी वैतागतंय. मी हातातली काटकी पुढच्या खेपेसाठी म्हणून खिशात ठेवली. संसारी बाईची सवय, दुसरं काय.

मुरूम लागला तशी चाकं मोकळी झाली आणि तो चढ समोर आला. मी सर्वांत लहान गिअर टाकला, बसूनच, अंग पुढं झुकवून पायडल मारत राहिले. निम्म्यावर दम संपला. पाय थरथरायला लागले, पण जुना हट्ट पुन्हा डोकं वर काढत होता. तेवढ्यात शेजारून ती मुलगी गेली. सायकल ढकलत, पायी, आणि माझ्यापेक्षा भराभर! मला म्हणाली, “मॅडम, उतरा ना. उतरलं तर चालतं. सायकल सोबत असली म्हणजे झालं.”

मैत्रिणींनो, मी तिला तीन वर्षं इतिहास शिकवला, आणि तिनं मला त्या चढावर एका वाक्यात शहाणं केलं. खरोखरच या शर्यतीत उतरून चालणं नियमात बसतं. ढकला, खांद्यावर घ्या, फक्त सायकल बरोबर घेऊन अंतिम रेषा ओलांडा. ऑलिंपिकमधले खेळाडूसुद्धा अडलं की उतरून धावतात. दोन वर्षांपूर्वी हे माझ्या कानावर आलं नसेल असं नाही. कानावर आलं असेल, मनावर घेतलं नसेल. मी उतरले. ढकलायला लागले. श्वास जागेवर आला. वर पोचून पुन्हा बसले, तेव्हा पायांत बळ होतं. उतारावर बूड सीटच्या मागं नेलं, दोन्ही पायडल सपाट धरली, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत खाली आले. पहिल्या फेरीला अडतीस मिनिटं लागली.

दुसऱ्या फेरीत ओढा ओलांडल्यावर मागचं चाक डुगडुगायला लागलं. पाहिलं तर बाभळीचा काटा, चांगला बोटभर. थंडीनं बोटं आखडलेली, हात मातीनं निसरडे. चाक काढलं, पट्ट्या घालून टायर उचकलं, जुनी ट्यूब काढली. नवी घालायच्या आधी टायरच्या आतून हात फिरवला, कारण काट्याचं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही जाते. हे मला जळगावच्या सायकलवाल्या चाचांनी शिकवलं होतं. टोक निघालंच. शेजारच्या शेतातून कापूस वेचणारी एक बाई बांधावर येऊन उभी राहिली.

“काय व्हयनं व माय?”

“काटा रुतला, मावशी.”

ती पंप धरायला पुढं आली. मी म्हटलं, “नको मावशी, दुसऱ्याची मदत घ्यायची नाही असा नियम आहे.” ती माझ्याकडं बघतच राहिली. “मदत कराले कसाना नियम?” तिला काही ते पटलं नाही. खरं सांगू, मलाही त्या वेळी पटलं नव्हतं. तेरा मिनिटं गेली. चाक बसवून निघाले तेव्हा तिनं मागून मोठ्यानं सांगितलं, “चाल, आते थोडंच ऱ्हायनं!” थोडं कुठलं, निम्म्याहून जास्त बाकी होतं. पण ऐकून बरं वाटलं.

दुसरी फेरी संपवली तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. तीन मिनिटं शिल्लक! घड्याळ धरून बसलेला मुलगा म्हणाला, “काकू, जाणार का?” पुढच्या बहुतेकजणींच्या फेऱ्या संपत आलेल्या. बरोबरच्या पाचजणींनी सोडून दिलं होतं. मी मान हलवली आणि निघाले.

त्या शेवटच्या फेरीत मी अगदी एकटी होते. ऊन वर आलं होतं, ओल्या गवताचा वास, कपड्यांना कुसळं चिकटलेली. कुठं तितर ओरडत होता. लळिंगचा डोंगर इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. घाई करण्यात अर्थ नव्हता, थांबण्यातही नव्हता. चढ आला तशी न लाजता उतरले. वळणावर पाहिलं तर भावानं गाडी चढाच्या तोंडाशी आणून लावलेली आणि आई पुढच्या सीटवर. तिच्यासमोरून मी सायकलचं हॅन्डल दोन्ही हातांनी धरून, वाकून, पाऊल पाऊल टाकत तो अख्खा चढ चढले. गेल्या वेळी याच चढावर कोणी बघू नये म्हणून मी चेन तोडून घेतली होती.

मी पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती, पोह्यांचं पातेलं रिकामं होत आलं होतं. पोचलेल्या बाराजणी, त्यांतली बारावी मी. माझी ती विद्यार्थिनी सहावी आली. पण मुलांनी असा काही दंगा केला, की बघणाऱ्याला वाटावं हीच पहिली आली.

दोन घोड्या

परतताना आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तू तर अर्धा रस्ता चालतच गेलीस.”

“हो. नियमात बसतं ते.”

“बसतं?”

“बसतं. सायकल सोबत पाहिजे, एवढंच.”

त्यावर ती काही बोलली नाही. मीही विषय वाढवला नाही. आईला उपदेश केलेला चालत नाही, आणि मी तिची मुलगी असल्यानं मला ते बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सायकल धुवत होते. काळी माती वाळून पापुद्रे धरले होते, ती निघता निघेना. मागं खडखड आवाज झाला. आई वॉकर घेऊन उंबरा ओलांडत होती. भावजय धावली, तिला तिनं हातानंच थांबवलं. अंगणातून फाटकापर्यंत गेली, फाटकाशी उभी राहून रस्त्याकडं पाहिलं. समोरच्या काकूंनी विचारलं, “कशा आहात वहिनी?” त्यांच्याशी दोन वाक्यं बोलली. परत आली, पायरीवर बसली. कपाळावर घाम. माझ्या सायकलकडं पाहून म्हणाली, “तुझी एक घोडी, माझी एक घोडी. दोघींना धुवून ठेव.”

गुडघा एका दिवसात सुधारला असं मी सांगणार नाही. अजून दुखतो, अजून ती कुरकुर करते, पावसाळी हवेत तर विचारूच नका. पण रोज फाटकापर्यंत जाते, आणि परवा भावजयीचा फोन आला की कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः जाऊन सुपारी आणली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

तुमच्यापैकी कुणाला सायकल काढावीशी वाटली, तर अनुभवाचे चार शब्द.

नवी महागडी सायकल घेऊ नका. घरातली जुनी असेल तर ब्रेकचे गट्टे, चेन आणि टायर तेवढे बदलून घ्या. सीट इतकी उंच ठेवा की पायडल खाली असताना गुडघा अगदी थोडा वाकलेला राहील. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात, आणि आपण म्हणतो वय झालं.

ओढणी, साडीचा पदर, सैल सलवार चेनमध्ये अडकतात. आटोपशीर कपडे घाला. डोक्याला हेल्मेट हवंच, कच्च्या रस्त्यावर हातमोजेही. माझं मनगट मोडलं, पण डोकं शाबूत राहिलं ते हेल्मेटमुळंच.

कच्च्या वाटेवर टायरमध्ये हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा, पकड चांगली मिळते. गिअर असतील तर चढ सुरू व्हायच्या आधी बदला, भर चढावर जोर लावताना नको. उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबू नका. नजर खड्ड्यावर न ठेवता जिथं जायचंय तिथं ठेवा; आपण बघतो तिकडंच सायकल जाते. पंक्चर काढायला घरी बसून दोनचारदा शिकून घ्या. खान्देशात बाभळी आणि सराटे आहेत तोवर ती विद्या वाया जाणार नाही.

तासाभरापेक्षा जास्त चालवणार असाल तर जवळ खायला ठेवा. केळं, शेंगदाण्याचा लाडू, खजूर, यांपुढं बाजारातलं काही लागत नाही. पिण्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चवीला लिंबू पिळा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि चढ आला, दम लागला, तर खुशाल उतरा. बघणारे बघतील. दोन मिनिटं चाला, पाणी प्या, मग पुन्हा बसा.

येत्या डिसेंबरात मी पुन्हा लळिंगला जाणार आहे. या खेपेला अकरावी यायचा विचार आहे. आईनं आत्ताच सांगून ठेवलंय, “मी गाडीत बसणार नाही हं. माझ्यासाठी खुर्ची आणा, चढाच्या तोंडाशी.”